एकाच मिडी फाइलमध्ये घरी तबला वाजतो आणि स्टुडिओत पत्र्याचे डबे: ध्वनिसंचांचा मेळ कसा घालावा?

केरवा_आठमात्रा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी एका हौशी वाद्यवृंदासाठी गाण्यांचे वाद्यसंयोजन करतो. माझ्याकडे भारतीय वाद्यांचे आवाज असलेला अरेंजर कीबोर्ड आहे आणि सगळे काम मी त्याच्याच आतल्या सिक्वेन्सरवर करतो. नुकतेच एक गाणे पूर्ण केले. त्यात तंबोरा, पेटी, सनई, बेस, दहाव्या चॅनलवर (चॅनल म्हणजे फाइलमधली एकेका वाद्याची वेगळी वाट) साधे ड्रम आणि नवव्या चॅनलवर तबला असा मांड आहे. कीबोर्डवर सर्व काही हवे तसे वाजते. त्याची मिडी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन मित्राच्या स्टुडिओत गेलो आणि तेथील संगणकावर सिक्वेन्सिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तेव्हा मात्र पुढील प्रकार ऐकू आले.

तबल्याच्या जागी पत्र्याचे डबे वाजावेत तसा टणटणाट होता, आणि गंमत म्हणजे प्रत्येक बोलाला वेगळा सूर होता. ‘धा’ एका सुरात, ‘ना’ दुसऱ्याच सुरात. तंबोऱ्याची साधी सतार झाली होती. ती निदान चांगली सतार व्हावी म्हणून मी कीबोर्डच्या पुस्तिकेतला सतारीचा क्रमांक, म्हणजे १०५, सॉफ्टवेअरमध्ये हाताने घातला, तर बँजो वाजू लागला. सनईच्या मींडी तर ऐकवत नव्हत्या, कारण षड्जापासून पंचमापर्यंत जायची मींड मध्येच कुठेतरी बेसूर होऊन थांबत होती.

कीबोर्डवर जीएमचे, म्हणजे जनरल मिडी या प्रमाणाचे, चिन्ह आहे आणि स्टुडिओतला साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांच्या नमुन्यांचा संच) वाजवणारा सिंथही जीएम असल्याचे मित्र सांगतो. दोन्ही ठिकाणी प्रमाण एकच असेल, तर आवाज वेगळे का? फाइल बिघडली आहे, की माझे काही चुकते आहे?

मंद्रपंचम यांचे उत्तर

फाइल बिघडलेली नाही. मिडी फाइलमध्ये कोणती कळ केव्हा दाबली, किती जोराने दाबली आणि त्या वेळी कोणत्या क्रमांकाचा आवाज निवडलेला होता, एवढीच नोंद असते; त्या क्रमांकाला कोणता आवाज द्यायचा, हे वाजवणारे यंत्र ठरवते. १९८३ साली मिडी आले, तेव्हा जोडणी आणि संदेश यांची भाषा ठरली, पण कोणत्या क्रमांकावर कोणते वाद्य असावे याविषयी काहीच ठरले नव्हते. त्यामुळे १९८७ सालच्या रोलँड एमटी-३२ या ध्वनियंत्रासाठी केलेली फाइल दुसऱ्या यंत्रावर लावली की बासरीच्या जागी काहीही वाजू शकत असे.

१९९१ साली जनरल मिडी, म्हणजे जीएम, आले आणि १२८ आवाजांची यादी निश्चित झाली. पियानो पहिला, सतार १०५ वी, सनई ११२ वी. तालवाद्ये दहाव्या चॅनलवर, आणि त्यात ३५ ते ८१ या कळांवर ४७ ठरलेले आवाज. आपल्या दृष्टीने यातला मोठा खड्डा असा की या यादीत तबला नाही, पेटी नाही आणि तंबोराही नाही. पेटीच्या सर्वांत जवळचा म्हणजे २१ वा रीड ऑर्गन, आणि तो जवळ आहे असे म्हणणेही पेटीवाल्यांना आवडणार नाही. म्हणजे तुमच्या मांडातली निम्मी वाद्ये जीएमच्या कुंपणाबाहेरची आहेत. तुमच्या कीबोर्डने ती कुंपणाबाहेरच ठेवली आहेत, आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो.

१२८ आवाज अपुरे पडणार हे कंपन्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. म्हणून त्यांनी त्याच यादीवर मजले चढवले. रोलँडची जीएस पद्धत १९९१ सालचीच आहे, यामाहाची एक्सजी १९९४ साली आली आणि जीएमची दुसरी आवृत्ती १९९९ साली. तिन्हींत मजला निवडण्यासाठी बँक सिलेक्टचे, म्हणजे आवाजांचा संच (बँक) निवडणारे, दोन संदेश वापरतात, कंट्रोलर ० आणि कंट्रोलर ३२ (कंट्रोलर म्हणजे यंत्राची एखादी मांडणी बदलणारा क्रमांकित संदेश). पण त्या दोघांचे अर्थ तिन्हीकडे वेगळे आहेत. जीएसमध्ये आवाजाचे उपप्रकार कंट्रोलर ० ने निवडतात आणि ३२ ने कोणत्या पिढीच्या यंत्राची यादी वापरायची ते सांगतात. एक्सजीमध्ये याच्या उलट उपप्रकार ३२ ने निवडतात आणि ० ने आवाजाची जात सांगतात, म्हणजे ० असेल तर सुरेल वाद्य आणि १२७ असेल तर ड्रम किट. जीएमच्या दुसऱ्या आवृत्तीत कंट्रोलर ० मध्ये सुरेल वाद्यांसाठी १२१ आणि तालवाद्यांसाठी १२० आहे.

आता तुमचा टणटणाट. तबला नवव्या चॅनलवर आहे, म्हणजे तुमच्या कीबोर्डने त्या चॅनलला ‘हे ड्रम किट आहे’ असे सांगण्यासाठी बहुधा कंट्रोलर ० मध्ये १२७ पाठवले असणार. स्टुडिओतला सिंथ जीएसच्या अर्थाने वाचत असेल, तर त्याच्यासाठी १२७ ही नुसती एक बँक आहे आणि ती त्याच्याकडे नाही. मग तो मूळ बँकेतला त्याच क्रमांकाचा सुरेल आवाज लावतो. प्रत्येक बोलाला वेगळा सूर लागतो आहे, याचा अर्थ तुमच्या तबल्याच्या कळा एखाद्या सुरेल वाद्यावर वाजत आहेत. पत्र्याच्या डब्यांचे वर्णन वाचून मला ११५ क्रमांकाच्या स्टील ड्रमचा संशय येतो. सॉफ्टवेअरमध्ये इव्हेंट लिस्ट, म्हणजे फाइलमधल्या संदेशांची यादी, उघडून नवव्या चॅनलच्या सुरुवातीच्या तीन ओळी येथे लिहिता येतील का?

हीच फाइल रोलँडच्या जुन्या साउंड कॅनव्हास या जीएस यंत्रावर लावली असती, तर आणखी वेगळी मजा झाली असती, कारण तेथे १२७ ही बँक एमटी-३२ च्या जुन्या आवाजांसाठी राखून ठेवलेली आहे. एकाने ‘ड्रम’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘१९८७ सालचे आवाज’ असे ऐकावे, आणि दोघेही आपापल्या पुस्तिकेप्रमाणे बरोबर.

बँजोचा उलगडा सोपा आहे. फाइलमध्ये क्रमांक ० ते १२७ असे असतात, पुस्तिकेत मात्र १ ते १२८ छापतात. काही सॉफ्टवेअर ० पासून मोजतात. तेथे १०५ घातले की यादीतला १०६ वा आवाज लागतो आणि तो बँजो आहे. सतारीसाठी तेथे १०४ घाला. सनईच्या बाबतीत हीच चूक केलीत तर टिंकल बेल नावाची किणकिण ऐकू येईल.

केरवा_आठमात्रा

मंद्रपंचम, मनापासून आभार. आज पुन्हा स्टुडिओत जाऊन यादी पाहिली. नवव्या चॅनलवर कंट्रोलर ० = १२७, कंट्रोलर ३२ = ० आणि प्रोग्राम ११४ अशा ओळी आहेत. हे सॉफ्टवेअर ० पासून मोजते, म्हणजे पुस्तिकेच्या हिशोबाने ११५. स्टील ड्रमच! तंबोऱ्याच्या चॅनलवर कंट्रोलर ० = ०, कंट्रोलर ३२ = ९६, प्रोग्राम १०४ असे आहे. सिंथच्या सेटिंगमध्ये बँक निवडीचा एक पर्याय सापडला, तो ‘जीएस’ वर होता. तो ‘एक्सजी’ केल्यावर डबे गेले, परंतु आता तबल्याच्या जागी बोंगो, काँगा आणि मधूनच एक काउबेल वाजते. ही सुधारणा म्हणावी की अधोगती?

लयकारी यांचे उत्तर

सुधारणाच म्हणा. तुम्हाला सापडलेला पर्याय फ्लुइडसिंथ या मुक्त सिंथमध्ये असतो, आणि तुमचा सिंथ त्याच्यावरच बेतलेला दिसतो. तेथे चार मार्ग आहेत: जीएम निवडले तर बँकेचे दोन्ही संदेश दुर्लक्षित होतात, जीएसमध्ये फक्त कंट्रोलर ० पाहिला जातो, एक्सजीमध्ये उपप्रकारासाठी ३२ पाहिला जातो आणि ० मध्ये १२७ आले तर तो चॅनल ड्रमचा ठरतो, आणि एमएमएमध्ये दोन्ही एकत्र करून एक मोठा आकडा बनवतात. काहीच निवडले नाही तर जीएस धरले जाते. एक्सजी निवडल्यावर सिंथला नववा चॅनल ड्रमचा आहे हे कळले. पण ११५ क्रमांकाचे किट साउंडफाँटमध्ये नाही, म्हणून त्याने साधे किट लावले. साध्या किटमध्ये ६० व ६१ या कळांवर बोंगो, ६२ ते ६४ वर काँगा आणि ५६ वर काउबेल असते. तुमचा ‘धा’ ज्या कळेवर आहे, त्या कळेवर जे वाद्य बसले आहे, ते वाजते. तंबोऱ्याचेही तसेच आहे. एक्सजीच्या यादीत सतारीच्या क्रमांकावर, ९६ व्या उपप्रकारात, तंबोरा आहे. साउंडफाँटमध्ये ते घर रिकामे असल्याने मूळ सतार वाजते.

म्हणजे पत्ता आता बरोबर पोहोचतो आहे, पण त्या पत्त्यावर राहणारेच कोणी नाही. यावर सेटिंगचा उपाय नाही, आवाजच आणावा लागेल. तबल्याचा ट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये वेगळा काढा, त्यावर तबल्याचे नमुने असलेला सॅम्पलर किंवा साउंडफाँट लावा, आणि कळांचा नकाशा एकदा बसवून घ्या. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करायचे आहे. कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे तुमच्या कीबोर्डवर कोणत्या कळेला कोणता बोल आहे ते लिहा, उजवीकडे सॅम्पलरमध्ये तोच बोल कोणत्या कळेवर आहे ते. कळांची नावे न लिहिता आकडे लिहा, कारण ६० क्रमांकाच्या कळेला यामाहाच्या पुस्तिकांत सी३ म्हणतात आणि रोलँडच्या पुस्तिकांत सी४. या एका फरकापायी मी पूर्वी अख्खा नकाशा एक सप्तक खाली बसवला होता आणि दोन तास सॅम्पलरला दोष देत होतो.

मींडीचे दुखणे वेगळे आहे. पिच बेंडचा संदेश ‘चाक किती फिरवले’ एवढेच सांगतो. पूर्ण फिरवल्यावर सूर किती सरकावा हे यंत्रात ठरलेले असते. जीएममध्ये मूळ मर्यादा दोन अर्धस्वरांची आहे. तुम्ही कीबोर्डवर ती बहुधा बारा केली असणार, नाहीतर षड्जावरून पंचम गाठताच आला नसता. पंचम सात अर्धस्वरांवर आहे, म्हणजे तुम्ही चाक सात-बारांश फिरवले. स्टुडिओत तेच सात-बारांश दोन अर्धस्वरांच्या मापाने मोजले गेले, म्हणून सूर सुमारे १.१७ अर्धस्वर वर गेला. कोमल ऋषभाच्या जरा वर आणि शुद्ध ऋषभाच्या बराच खाली, बेसूर वाटणारच. पॅनेलवर केलेली ही मर्यादा फाइलमध्ये उतरलेली नाही, ती आपण स्वतः लिहावी लागते. सनईच्या चॅनलवर पहिल्या स्वराच्या आधी क्रमाने कंट्रोलर १०१ = ०, १०० = ०, ६ = १२, ३८ = ०, आणि शेवटी १०१ = १२७, १०० = १२७ असे घाला. शेवटचे दोन टाळू नका. त्यांनी ही खिडकी बंद होते आणि नंतर कुठून आलेला कंट्रोलर ६ मर्यादा बदलू शकत नाही.

आणखी एक सवय लावून घ्या. गाण्याच्या आधी एक मोकळे आवर्तन ठेवा आणि त्यात यंत्राला मूळ स्थितीत आणणारा सिस्टिम एक्सक्लुझिव्ह संदेश (रीसेट; हा सोळाच्या पायातल्या आकड्यांत लिहितात) घाला. निव्वळ जीएमसाठी तो ‘एफ० ७ई ७एफ ०९ ०१ एफ७’ असा आहे, जीएससाठी ‘एफ० ४१ १० ४२ १२ ४० ०० ७एफ ०० ४१ एफ७’, आणि एक्सजीसाठी ‘एफ० ४३ १० ४सी ०० ०० ७ई ०० एफ७’. यांपैकी एकच घाला. हौसेने तिन्ही घालणारे मी पाहिले आहेत. तिन्ही पद्धती कळणाऱ्या यंत्रावर मग शेवटचा संदेश जिंकतो. हा संदेश पचवायला यंत्राला थोडा वेळ लागतो, म्हणून त्याला चिकटून लगेच बँक आणि प्रोग्राम पाठवू नयेत. १२० च्या लयीत चार मात्रांचे एक माप दोन सेकंदांचे असते, त्यामुळे पहिल्या मात्रेवर रीसेट आणि दुसऱ्या मात्रेपासून प्रत्येक चॅनलचे कंट्रोलर ०, मग ३२, मग प्रोग्राम असे ठेवले की पुरे. हा क्रमही पाळायचा असतो, कारण बँक बदलल्याचा परिणाम पुढचा प्रोग्राम क्रमांक येईपर्यंत होत नाही.

जुनी_स्पूल यांचे उत्तर

वरील सर्व माहिती बरोबर आहे, तरीही मी वेगळे सुचवीन. तुमच्या कीबोर्डमध्ये तबला चांगला वाजतो, तर तो ध्वनिमुद्रित करा आणि मोकळे व्हा. प्रत्येक ट्रॅक एकट्याने वाजवून, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर वेगळा मुद्रित करून न्या. स्टुडिओत कोणाला जीएस, एक्सजी विचारण्याची गरज उरणार नाही. तुमचा ‘गे’ ज्या घुमाऱ्याने घरी वाजतो, त्याच घुमाऱ्याने तेथे वाजेल. नकाशा बसवूनही परका सॅम्पलर तुमच्या कीबोर्डसारखा वाजणार नाही, कारण कळ किती जोराने दाबली की आवाज किती मोठा व हलका व्हावा, याचे गणित प्रत्येकाचे वेगळे असते. जीएमनेही ते पूर्णपणे बांधून दिलेले नाही.

लयकारी

जुनी_स्पूल यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अंतिम मुद्रणासाठी मीही तबला आणि तंबोरा असेच नेतो. अडचण रंगमंचावर येते. गायिका आयत्या वेळी काळी एक ऐवजी पांढरी दोन मागते, किंवा निवेदन लांबल्यामुळे लय थोडी वाढवावी लागते. मुद्रित ट्रॅक ताणता येतो, पण ताणलेला तबला कानाला लगेच कळतो. मिडीत हे एका आकड्याचे काम आहे.

मात्र त्या एका आकड्यातही खाच आहे. सॉफ्टवेअरमध्ये सगळी फाइल निवडून स्वर एक अर्धस्वर वर नेलात, तर ड्रमच्या कळाही एकाने सरकतात. पूर्ण स्वर वर नेलात तर ३६ वरचा बास ड्रम ३८ वर, म्हणजे स्नेअरवर जातो. तुमच्या तबल्याचे सगळे बोलही असेच घरे बदलतील आणि नकाशा कोलमडेल. सूर बदलताना नववा आणि दहावा चॅनल बाजूला ठेवूनच बाकीचे निवडा.

मंद्रपंचम

एक पुरवणी. फाइल जीएस पद्धतीच्या खऱ्या यंत्रावर कधी न्यावी लागलीच, तर तेथे १२७ च्या बँकेने चॅनल ड्रमचा होत नाही. त्यासाठी वेगळा संदेश आहे. नवव्या चॅनलला ड्रमच्या दुसऱ्या नकाशावर नेण्यासाठी ‘एफ० ४१ १० ४२ १२ ४० १९ १५ ०२ १० एफ७’ पाठवतात. यातला १९ मधला ९ हा चॅनल दाखवतो आणि शेवटून दुसरा १० हा पडताळ्याचा आकडा आहे. चॅनल बदलला तर पडताळाही बदलतो, नाहीतर यंत्र संदेश निमूटपणे टाकून देते आणि आपण तारा तपासत बसतो. अर्थात यामुळे चॅनल ड्रमचा होईल, पण त्यावर तबला असेल की नाही, हे त्या यंत्रात काय भरले आहे त्यावर ठरेल.

केरवा_आठमात्रा

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, म्हणून काय केले ते कळवतो.

सनईच्या चॅनलवर सहा ओळी घातल्या आणि पहिल्याच प्रयत्नात मींड पंचमावर जाऊन टेकली. कीबोर्डवरची मर्यादा खरोखरच बारा होती. दोन वर्षांपूर्वी बदलून मी विसरून गेलो होतो. सुरुवातीला एक मोकळे माप ठेवून एक्सजीचा रीसेट घातला. घरच्या कीबोर्डवर याचा एक अनपेक्षित फायदा झाला, कारण आधीच्या गाण्यातून उरलेला रिव्हर्ब आता पुढच्या गाण्यात येत नाही. तबल्याच्या नकाशासाठी लयकारी यांनी सांगितल्याप्रमाणे कागदावर दोन रकाने आखले. एकवीस बोल निघाले, त्यांपैकी सतरा बसले. उरलेल्या चारांत डग्ग्याच्या दोन घसीट आहेत, ज्या मित्राच्या सॅम्पलरमध्ये नाहीतच. त्या कीबोर्डवरून मुद्रित करून तेवढ्या जागी ठेवल्या. तंबोराही मुद्रितच नेला. तो काळी एकमध्ये एकदा आणि पांढरी दोनमध्ये एकदा असा दोन वेळा मुद्रित केला आहे, म्हणजे कार्यक्रमात दोन्ही सूर हाताशी राहतील.

राहता राहिली पेटी. रीड ऑर्गन लावून पाहिला, आणि आमच्या वाद्यवृंदातील पेटीवादक काकांनी दोन ओळी ऐकून विचारले, “हे चर्चमधलं कुणी आणलं?” त्या ट्रॅकचा आवाज मी बंद केला आहे. कार्यक्रमात ती जागा काका स्वतः वाजवणार आहेत.